‘दादा, हे वहिनींचं ना?’

अठराव्या वर्षीही फोनवर माझा आवाज ऐकून लोक म्हणायचे, “ताई, घरी कोणी मोठं माणूस आहे का?” उंची वडिलांच्या वर गेली होती, पण गालावर लव नव्हती. काही मुलं उशिरा वयात येतात, असं सांगून गावच्या डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. ते अगदीच खोटं नाही, बहुतेकांचं तसंच असतं. पुढे मिरजेच्या डॉक्टरांनी रक्त तपासायच्या आधीच विचारलं, “वास येतो का?”

येत नाही. कधीच आला नाही. गॅसवरचं दूध करपलं तरी मी शेजारी पुस्तक वाचत बसलेला असायचो आणि आई म्हणायची, याचं लक्षच नसतं. नाकाचा आणि दाढीचा काही संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात येणार?

संबंध आहे. १९४४ साली कालमन नावाच्या डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला कालमन सिंड्रोम म्हणतात. गर्भात नाकाच्या भागात काही पेशी तयार होतात आणि वासाच्या तंतूंच्या आधाराने मेंदूत हायपोथॅलॅमसपर्यंत जातात. तिथून त्या पिट्युटरी ग्रंथीला थोड्या थोड्या वेळाने इशारा देतात, आणि मग पिट्युटरी एलएच आणि एफएसएच ही दोन प्रथिनं रक्तात सोडते. एलएचमुळे वृषणात टेस्टोस्टेरॉन बनतं, एफएसएच शुक्रजंतू वाढवणाऱ्या पेशींना कामाला लावतं. बायकांमध्ये हीच दोन बीजकोश वाढवतात आणि बीज बाहेर काढतात. माझ्यात त्या पेशी वाटेतच राहिल्या. वृषणं धडधाकट होती, पण मजूर नाक्यावर उभे आणि मुकादमच आलेला नाही, अशातली गत.

टेस्टोस्टेरॉनची तेलकट इंजेक्शनं सुरू झाली. दाढी आली, आवाज फुटला. लग्न ठरताना मुलीला एकटीला गाठून मी सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “मग स्वयंपाक बिघडला तर तुम्हाला कळणार नाही?”

मूल हवं म्हटल्यावर मात्र डॉक्टरांनी तीच इंजेक्शनं बंद केली. बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनने दाढी येते, शुक्रजंतू येत नाहीत. त्यासाठी वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं आणि ते तिथेच बनावं लागतं. म्हणून एलएचच्या जागी एचसीजी द्यायचं ठरलं. एचसीजी म्हणजे गर्भवतीच्या वारेतून स्रवणारं हार्मोन. ते एलएचच्याच जागी जाऊन बसतं आणि रक्तात त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतं. प्रथिन असल्यामुळे गोळी करून चालत नाही, पोट ते पचवून टाकतं.

औषधाच्या दुकानात खोकं पुढे सरकवत तो पोरगा म्हणाला, “दादा, हे वहिनींचं ना? डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच द्या हं, वेळ चुकली की सगळं फुकट.” वंध्यत्वाच्या उपचारात बीज बाहेर पडावं म्हणून बायकांना हेच देतात, त्यामुळे त्याचं बरोबर होतं. मी बरं म्हटलं आणि बर्फाची पिशवी मागून घेतली.

काही महिन्यांनी दुसरं इंजेक्शन जोडलं गेलं, एफएसएच असलेलं. हे औषध मुळात आलं ते पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून. बीजकोश थकले की पिट्युटरीला लगाम राहत नाही, ती एफएसएच ओतत राहते आणि ते लघवीतून बाहेर पडतं. १९४९ साली इटलीत पिएरो डोनिनी यांनी ते वेगळं काढलं. पुढे औषध बनवायला लघवी कमी पडू लागली, तेव्हा ती जोगिणींच्या मठांतून गोळा झाली. त्या औषधाने पहिलं मूल १९६२ मध्ये इस्रायलमध्ये जन्मलं. हे ऐकून बायको हसत सुटली. म्हणाली, “ब्रह्मचारिणींच्या पुण्याईवर आमचा संसार!”

तिच्याच डोक्यातून एक उद्योग निघाला. गरोदरपणा तपासायची पट्टी एचसीजीच ओळखते, मग माझी चाचणी काय दाखवेल? दोन रेघा उमटल्या, ठळक. ती पट्टी कचऱ्यात सासूबाईंच्या नजरेला पडू नये म्हणून कागदात गुंडाळून तिने ती थेट नगरपालिकेच्या कुंडीत नेऊन टाकली.

विनोद सोडला तर ते दिवस कंटाळवाणे होते. एक शुक्रजंतू तयार व्हायलाच अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, तेव्हा आज टोचलं आणि उद्या दिसलं असं होत नाही. अहवालात पुनःपुन्हा शून्य यायचं. आई अंडी आणि खारीक-बदामाचा मारा करायची. डॉक्टरांनी प्रोटीनचं औषध दिलंय एवढंच तिला माहीत होतं. मग एकदा शून्याच्या जागी आकडा आला. निरोगी माणसाच्या मानाने फारच किरकोळ, पण डॉक्टर म्हणाले, कालमनवाल्यांना एवढ्यावरही मुलं होतात.

मुलगी झाली. मी टेस्टोस्टेरॉनवर परतलो, त्याआधी काही नमुने गोठवून ठेवले. हा आजार पुढच्या पिढीत जाऊ शकतो आणि मुलींमध्ये पाळी न येण्याने तो कळतो, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण तेवढं थांबायची गरज पडेल असं वाटत नाही. परवा शेजारी सुकट भाजायला घेतली आणि आमची बाई नाक दाबून आतल्या खोलीत पळाली. मी मात्र जागेवर बसून, नक्की काय झालं म्हणून बायकोला विचारत होतो.