मुक्काम आणि वही

प्रवासाला निघण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : उतरायचे कोठे आणि बरोबर न्यायचे काय. लिहिण्याचा छंद असलेल्या माणसाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टींचे नाते किती जवळचे असते, हे आम्हा उभयतांना बिद्री या गावाने शिकविले.

बिद्री हे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातील, कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरचे गाव. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे त्याचे नाव सर्वदूर गेले. उसाचा गळीत हंगाम जवळून पाहावा आणि त्यावर चार ओळी लिहाव्यात, या हेतूने काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आम्ही तिकडे गेलो. सोयीचे म्हणून कोल्हापुरातील एका लॉजमध्ये उतरलो. खोली स्वच्छ होती, गरम पाणी होते. सकाळी एसटीने बिद्रीला जायचे आणि संध्याकाळी परतायचे, असा क्रम तीन दिवस चालला. गप्पा रंगात येऊ लागल्या की आमचे लक्ष घड्याळाकडे जाई. घरी आल्यावर वही उघडली, तर तीत गाड्यांच्या वेळा, खोलीचे भाडे आणि जेवणाचा खर्च! गाव कोठेच नव्हते.

तेव्हा आम्हाला विष्णुभट गोडसे यांची आठवण झाली. वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले. १८५८ मध्ये झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते, म्हणूनच ‘माझा प्रवास’ हे पुस्तक आज आपल्या हाती आहे. मात्र त्यांनी ते पुष्कळ वर्षांनंतर, आठवणीतून लिहिले. तशी स्मरणशक्ती आपणा सर्वांना कोठून लाभणार? आपणाला वहीच हवी. ताज्या टिपणाचे मोल पाहायचे तर ‘क्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स यांचे पत्र आठवावे. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते जहाजाने गोव्याला पोहोचले आणि १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना प्रवासाचा वृत्तान्त लिहिला. किनारा दिसण्यापूर्वी भेटलेले पक्षी, पाण्यावर तरंगत आलेल्या ताडामाडाच्या फांद्या, पोहणारे साप आणि निसर्गानेच छाप उमटविल्यासारखी दिसणारी नाण्याएवढी गोल वस्तू, हे सारे त्यात आहे. वर्ष उलटल्यावर त्या नाण्याची आठवण राहिली असती का?

त्याच हंगामात आम्ही पुन्हा बिद्रीला गेलो. या खेपेस एका परिचित शिक्षकांच्या ओळखीने एका शेतकरी कुटुंबाच्या सोप्यात मुक्काम मिळाला. वही शर्टाच्या खिशात मावेल एवढी, शिवलेल्या बांधणीची घेतली. पेनऐवजी पेन्सिल घेतली, कारण घामाने किंवा पावसाने शाई फुटते, पेन्सिलीचे अक्षर टिकते. उजव्या पानावर ऐकलेले लिहायचे आणि डावे पान नंतरच्या दुरुस्तीसाठी कोरे ठेवायचे, असा नियम केला. कोणाच्या तोंडावर वही उघडायची नाही, हा दुसरा नियम. मोबाईल तर काढायचाच नाही, तो पाहताच माणूस फोटोला उभा राहिल्यासारखा बोलू लागतो.

रात्री भाकरी-झुणक्याचे जेवण झाले. बाहेर उसाच्या बैलगाड्यांची घुंगरे वाजत होती. यजमान आपणहून बोलू लागले. ऊस जातो कधी, बिल येते कधी, सेवा सोसायटीचे कर्ज त्यातून आधी कसे वळते होते आणि हातात काय उरते, हे त्यांनी आकड्यांनिशी सांगितले. सारे झोपल्यावर आम्ही ते जसेच्या तसे उतरवून घेतले. पहाटेपर्यंत अकरा पाने भरली. मनातून आम्ही फार खूष होतो.

सकाळी चहा देताना यजमानांच्या वृद्ध आई म्हणाल्या, “रातच्याला दिव्याखाली काय लिवत हुतासा? आमच्या घरातलं बी लिवलंसा व्हय?”

आम्ही ओशाळलो. मग वही काढून सारे वाचून दाखविले. भाकरीचे वर्णन ऐकून त्या हसल्या, घुंगरांच्या ओळीला त्यांनी मान डोलावली. कर्जाचा आकडा आला तशा गंभीर झाल्या.

“एवढं तेवढं खोडा, पावणं. पोरीची सोयरीक जुळायची हाय.”

आमच्या लेखाचा सारा भार त्याच आकड्यावर होता. क्षणभर मन घुटमळले. मग त्यांच्यासमोरच आम्ही तो खोडला, इतका गडद की आज आम्हालाही तो वाचता येत नाही. लेख पुढे लिहिला, तो त्या आकड्यावाचून थोडा लंगडाच झाला.

लॉजमध्ये आम्हाला कोणीही विचारले नव्हते, की तुम्ही काय लिहिता? तेथे खोलीचे भाडे चुकते केले की हिशेब संपतो. ज्याच्या घरची भाकरी खाल्ली त्याच्यापाशी मात्र लिहिलेल्या प्रत्येक ओळीचा जाब द्यावा लागतो. आजही प्रवासाला निघताना आम्ही नवी वही घेतो आणि शक्यतो अशा घरी उतरतो, जेथे सकाळी कोणीतरी ती वाचून दाखवायला सांगेल.