तीनची लोकल

अंबडमध्ये पहाटे पळणारी बहुतेक पोरं भरतीची. जालना रस्त्यावर ती सोळाशे मीटरची वेळ लावत असतात आणि त्यांच्यात चाळिशी ओलांडलेला मी एकटा, मुंबई मॅरेथॉनच्या तयारीचा. पळण्याचं मला भय नव्हतं. २१ जानेवारी २०२४ च्या रविवारी पहाटे पाचला मुंबईत सीएसएमटीसमोर उभं कसं राहायचं, याचं होतं. गाडी नाही, हॉटेलचे दर परवडणारे नाहीत आणि मुंबईत एकट्यानं कधी फिरलेलो नाही.

शुक्रवारी संध्याकाळी काळी-पिवळीनं जालना गाठलं आणि रात्री देवगिरी एक्स्प्रेस. सोबत आईनं दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. निजामाच्या काळात, १९०० साली सुरू झालेला हा मार्ग. माझ्या लहानपणी तो मीटरगेज होता. मनमाडला उतरायचं, ट्रंक डोक्यावर घ्यायची आणि मोठ्या गाडीत जागा शोधायची. वडील मुंबईचं नाव काढलं की आधी मनमाडच्या त्या धावपळीचं सांगायचे. मी मनमाड झोपेत ओलांडलं.

कल्याणला मावशीकडे उतरलो. शनिवारी बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसीत) जायचं होतं, कारण शर्यतीच्या दिवशी बिब मिळत नाही. लोकलनं कुर्ला, तिथून बेस्टची बस. कुर्ल्याच्या पुलावर गर्दीनं मला चुकीच्या बाजूला उतरवलं आणि बसस्टॉप शोधण्यात पाऊण तास गेला. ऊन चढलेलं, पाय वाचवायचे होते तेच झिजत होते. शेवटी एका फळवाल्यानं गाडा सोडून मला वळणापर्यंत नेलं.

मध्य रेल्वेनं धावपटूंसाठी खास लोकल सोडली होती: कल्याणहून पहाटे तीन, सीएसएमटीला साडेचार. हे कळलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला होता, कारण नेहमीच्या गाड्यांनी वेळेत पोचण्याची खात्री नव्हती. मावशी दीडलाच उठली. चहा ठेवताना म्हणाली, "बेचाळीस किलोमीटर पळून परत त्याच स्टेशनावर यायचं? मग जायचं कशाला रे?" आणि तरी केळी, गूळ-पोळी बांधून दिली.

त्या डब्यासारखा डबा मी पाहिला नाही. डोंबिवलीला, ठाण्याला, मुलुंडला माणसं चढत होती आणि प्रत्येकाच्या पायात बूट, छातीवर नंबर. कुणी बोटांना व्हॅसलीन लावत होतं, कुणी डोळे मिटून बसलेलं. एका बाईंची सेफ्टी पिन सापडेना, तर चार हात पुढे आले. ठाण्याच्या एका काकांनी माझं गाव विचारलं, मग म्हणाले, "जालन्याचे ना? तुमच्याकडे घाम वाळतो, इथे वाळत नाही. पहिल्या टेबलापासून पाणी घ्या. आणि पेडर रोडच्या चढाला पाय राखून ठेवा." परक्या शहरात मला कुणीतरी अपेक्षित धरलेलं आहे, असं त्या डब्यात वाटलं. पाचला पळायला लागलो तेव्हा मी एकटा नव्हतो.

वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एरवी पायी माणसाला मनाई. त्या पहाटे साडेपाच किलोमीटरभर खाली काळं पाणी आणि वर फक्त पावलांचा आवाज. काकांचं दोन्ही खरं निघालं. बनियन सुकलाच नाही, आणि पस्तिसाव्या किलोमीटरनंतर पेडर रोडवर मी चालत चढलो. सकाळी साडेदहाच्या सुमारास शर्यत संपली, पुन्हा सीएसएमटीपाशीच.

मावशीचा प्रश्न मला तिथे पुन्हा आठवला, कारण खरंच सगळं त्याच स्टेशनाभोवती होतं. तीनच आठवड्यांपूर्वी, ३० डिसेंबरला, जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली होती आणि ती सीएसएमटीहून दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सुटायची. पदक गळ्यात, मीठ चढलेलं अंग, आणि चालत जाऊन गाडीत बसलो. रात्री साडेआठच्या सुमारास जालना. सोमवारी सकाळी शाळेत पहिला तास घेतला.

त्याच आठवड्यात भरतीतल्या एका पोरानं रस्त्यावर अडवलं. किती वेळात पळालात, हे त्यानं विचारलंच नाही. "सर, रात्री राहिलात कुठं? आणि तीनला लोकल कुठून सुटते?" त्याच्या वहीच्या मागच्या पानावर मी लिहून दिलं: देवगिरी, कल्याण, कुर्ला पश्चिम, तीनची लोकल, एक दहाची गाडी. खाली मावशीचा पत्ता.