जाक द मोले यांचा शब्द



दृढीकरणाच्या वर्गात मागच्या महिन्यात एका मुलाने विचारले, "टेम्पलर म्हणजे कोण?" मोबाइलवरच्या कुठल्याशा खेळात त्याला पांढऱ्या झग्यावर तांबडा क्रूस लावलेले घोडेस्वार भेटले होते. आम्ही तिघे मिळून हा वर्ग घेतो. तिघांनाही धड सांगता येईना. "पुढच्या रविवारी सांगतो," म्हणालो आणि वाचायला बसलो.

टेम्पलर हे व्रतस्थ होते. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही व्रते घ्यायची आणि कमरेला तलवारही बांधायची. पवित्र भूमीतील यात्रेकरूंच्या रक्षणासाठी बाराव्या शतकाच्या आरंभी हा संघ निघाला. तलवारीच्या बळावर प्रभूची भूमी राखायची ही गोष्ट आज आपल्या मनाला पटत नाही, वर्गातल्या मुलांनाही ती पटली नाही. जाक द मोले १२६५ साली या संघात आले. १२९१ मध्ये एकर शहर पडले, पवित्र भूमी हातची गेली, आणि त्यानंतर लवकरच सायप्रसमध्ये ते संघाचे प्रमुख झाले. तेच शेवटचे प्रमुख ठरले.

फ्रान्सचा राजा चौथा फिलिप पैशाच्या अडचणीत होता आणि संघाकडे संपत्ती होती. १२ ऑक्टोबर १३०७ रोजी राजाच्या भावजयीच्या अंत्यविधीत मोले मानाने सहभागी झाले. दुसऱ्याच दिवशी पहाटे राज्यभरातल्या टेम्पलरांना पकडण्यात आले, त्यांत तेही होते. येशूला नाकारता, क्रूसावर थुंकता, असे आरोप. तुरुंगात अनेकांचा छळ झाला. पॅरिसमध्ये चौकशी झालेल्या १३८ जणांपैकी १३४ जणांनी काही ना काही कबूल केले. मोले यांनीही केले. संघात प्रवेश करताना आपण ख्रिस्ताला नाकारले, आणि थुंकलो ते जमिनीवर, असे त्यांनी सांगितले. विद्वानांच्या सभेपुढे हीच कबुली पुन्हा दिली.

आम्हाला इथे थांबावे लागले. प्रमुखानेच कबूल केल्यावर साध्या बंधूंचे कोण ऐकणार?

पुढे त्यांनी शब्द मागे घेतला, मग पुन्हा कबुली दिली. १३०८ च्या ऑगस्टमध्ये शिनोंच्या किल्ल्यात पोपमहोदयांनी पाठवलेल्या कार्डिनलांनी त्यांना पापमुक्ती दिली. त्याचा मूळ दस्तऐवज २००१ साली व्हॅटिकनच्या दफ्तरात सापडला. म्हणजे ख्रिस्तसभेशी त्यांचा समेट झाला होता. गप्प राहिले असते तर जीव वाचला असता. १३१० च्या मे महिन्यात कबुली मागे घेणाऱ्या ५४ टेम्पलरांना पॅरिसजवळ जाळले होते. शब्द फिरवण्याची किंमत त्यांना पुरती ठाऊक होती.

१३१२ मध्ये संघ बरखास्त झाला. मार्च १३१४ मध्ये नोत्र-दाम समोर लोकांच्या गर्दीत चौघा प्रमुखांना जन्मठेप सुनावली गेली. दोघे गप्प राहिले. मोले आणि जोफ्रुवा द शार्ने बोलले : संघ निर्दोष आहे, कबुली खोटी होती. त्याच संध्याकाळी सेन नदीतल्या एका बेटावर त्यांना जाळण्यात आले. आपले तोंड नोत्र-दामकडे करावे, अशी मोले यांनी विनंती केली होती, असे त्या काळचा एक बखरकार लिहितो. (मरताना त्यांनी राजाला आणि पोपमहोदयांना शाप दिला, ही गोष्ट मुलांना फार आवडते. ती दंतकथा आहे, असे आम्ही सांगितले. मुले जरा हिरमुसली.)

मोले हे काही संत नव्हेत. सात वर्षे ते डळमळत राहिले. पण पापमुक्ती मिळाल्यावरही काही देणे उरले होते, ते त्यांच्या बंधूंचे होते, आणि जिथे सगळे ऐकत होते तिथेच ते फेडावे लागले.

हे वाचताना आम्ही तिघे एकमेकांकडे पाहायचे टाळत होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात एका सणाच्या दानपेटीचा हिशेब जुळेना. चर्चची झाडलोट करणाऱ्या काकांवर संशय आला. मोजणी आम्हीच केली होती. चूक आमची होती हे चार दिवसांत कळलेही, पण बैठकीत काकांचे नाव निघाले तेव्हा आम्ही मान खाली घालून बसलो. काकांनी न बोलता चाव्या टेबलावर ठेवल्या आणि ते खानापूरला लेकीकडे राहायला गेले. आम्ही तिघांनी आपापले पापनिवेदन केले. फादरांनी क्षमा दिली आणि "आता त्यांचे नाव परत द्या," असेही सांगितले. ते मात्र आम्ही केले नाही. अजून केलेले नाही.

येत्या रविवारी मिस्सानंतर धर्मग्राम मंडळाची बैठक आहे. बोलायला पाच मिनिटे मागून घेतली आहेत. कशासाठी, ते सांगितलेले नाही. त्यानंतर दुपारच्या बसने आम्ही खानापूरला जाणार आहोत. काका दार उघडतील की नाही, माहीत नाही.