ओडंथुराईचे वीजबिल

२०२४ च्या मे महिन्यात कार्यालयाची प्रवास सवलत घेऊन आम्ही सहकुटुंब उटीला निघालो. तामिळनाडूत निलगिरीच्या पायथ्याशी मेट्टुपालयम आहे. तेथून सुटणारी छोटी डोंगरगाडी १८९९ पासून कुन्नूरपर्यंत व १९०८ पासून उटीपर्यंत चढते. आम्हाला दुसऱ्या दिवशीची तिकिटे मिळाली. एक दिवस मोकळा होता, म्हणून जवळच्या ओडंथुराई पंचायतीत गेलो. या पंचायतीने स्वतःची पवनचक्की घेतली, एवढे ऐकून होतो.

सुपारीच्या बागा, समोर डोंगराची भिंत. पण पवनचक्की कोठे दिसेना. "अहो, एवढी मोठी चक्की कुणी खिशात घालून नेली की काय?" सौभाग्यवतींनी विचारले. चहाच्या टपरीवरचे गृहस्थ धारावीत बरीच वर्षे राहून परतलेले निघाले. मराठी ऐकून त्यांना आनंद झाला. म्हणाले, "ताई, चक्की इथे नाय, लांब मैवाडीला हाय. वारा तिकडे हाय ना!"

मैवाडी हे उडुमलपेटजवळचे गाव, येथून सुमारे १०० किलोमीटर. पालघाटच्या खिंडीतून पावसाळी वारे त्या भागात जोराने शिरतात. तेथे तयार झालेली वीज मंडळाच्या तारांत सोडायची आणि तिचा हिशेब पंचायतीच्या नावे धरायचा. एका शाखेत पैसे भरून दुसऱ्या शाखेत काढावेत, तसाच हा प्रकार.

आर. षण्मुगम हे १९९६ ते २००६ या काळात येथील पंचायत अध्यक्ष होते. गावाला नळाचे पाणी मिळाले, पण पंपांमुळे वीजबिल फुगू लागले. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी पाणी तोडतात, नाहीतर पट्टी वाढवतात. येथे आधी बिलाकडे पाहिले गेले. लाकडाच्या टाकाऊ तुकड्यांपासून गॅस करून त्यावर पंप चालवून पाहिला. पुढे २००६ मध्ये ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली. किंमत १ कोटी ५५ लाख. पैकी ४० लाख पंचायतीच्या शिलकीतले, उरलेले १ कोटी १५ लाख बँकेचे कर्ज. वर्षाला सुमारे पावणेसात लाख युनिट वीज होई, गावाची गरज साडेचार लाखांची. उरलेली वीज विकून हप्ते फेडायचे, असा हा रोखठोक व्यवहार होता.

हे सारे आम्ही टपरीवरच वहीत उतरवून घेतले. तेव्हा दहावीतील आमची मुलगी म्हणाली, "पप्पा, आपल्या पंचायतीचं बिल किती येतं?"

आम्ही निरुत्तर झालो. आम्ही बी.कॉम. झालेले, दिवसभर इतरांची बिले तपासणारे. शहरालगतच्या आमच्या गावात भर दुपारी हमरस्त्याचे दिवे जळत असतात आणि आमच्या वस्तीत संध्याकाळी काळोख. आमच्या मायबहिणी कामावरून चाचपडत घरी येतात. दिव्यासाठी आम्ही पाच अर्ज दिले. प्रत्येक वेळी "निधी नाही" हे उत्तर घेऊन परतलो. पण बिल दाखवा, असे एकदाही म्हटले नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचे खातेही त्यांच्याकडे होते. वीज स्वस्त व मुबलक झाल्याशिवाय गरिबी हटणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. ती वीज आज भर उन्हात दिव्यांतून वाया जाते. त्यासाठी चंद्रपूर-कोराडीला कोळसा जळतो. त्या धुराने वाढणारी उष्णता प्रथम सोसतो तो पत्र्याच्या घरात राहणारा आणि उन्हात राबणारा माणूस. म्हणून हवामानाचा प्रश्न आपलाही आहे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेला आम्ही वस्तीतील अकरा जण गेलो. त्यात सात महिला होत्या. वीजबिल मागताच थोडी कुजबुज झाली. मग बिल पुढे आले. एका आजींनी विचारले, "दिवसाचे दिवे कोणासाठी लावता, बाबा?" सभेत हशा पिकला, पण ठराव झाला. हमरस्त्याच्या दिव्यांना वेळेवर बंद होणारे यंत्र बसवायचे आणि वाचलेल्या पैशातून आधी वस्तीचे दिवे लावायचे. यंत्र बसले. वस्तीतील सहापैकी दोन खांबांवर दिवे लागले आहेत. उरलेल्या चारांसाठी पुढच्या सभेला पुन्हा जायचे आहे.

ओडंथुराईची पवनचक्की प्रत्येक गावाला परवडणार नाही. पण बिल मागायला पैसा लागत नाही. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. माझी वसुंधरा अभियानात तर २०२० पासून ऊर्जेच्या कामालाही गुण मिळतात. बंधुभगिनींनो, तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेला एकटे जाऊ नका. शेजारच्या वहिनींना व म्हाताऱ्या आईलाही सोबत घ्या, आणि पहिला प्रश्न बिलाचा विचारा.