बंड्याचं नाक

मुलगा पुण्याहून दिवाळीला आला तो टोपली घेऊनच. आत दोन महिन्यांचा बीगल, आमचा बंड्या. चार दिवसांनी मुलगा परत गेला, टोपली आमच्याकडे देवपुरातच राहिली. शेजारच्या आजींनी फाटकातून डोकावून विचारलं, "हाई काय शे रे भाऊ? ससा शे का कुत्रं?" ते लोंबते कान पाहून मलाही तशीच शंका आली होती. आणि गंमत म्हणजे ही जात इंग्लंडात वाढवली गेली ती सशांच्या मागावरच धावण्यासाठी.

आमच्या गल्लीत ससे नाहीत, पण वास भरपूर. सकाळी पांझरेच्या काठाने एकवीरा देवीच्या मंदिराकडे निघालो, की माझ्या वीस मिनिटांच्या वाटेला बंड्या तास लावतो. एकदा नाक जमिनीला टेकलं की कान बंद. हाक मारा, शीळ घाला, बिस्कीट दाखवा, उपयोग नाही. आधी मला तो हट्टीपणा वाटायचा. मग एकदा हातातून पट्टा निसटला आणि हा सापडला तो थेट एका ढाब्यामागे, खरकटी भांडी घासायच्या जागी. त्या दिवसापासून पट्टा मनगटाला गुंडाळूनच बाहेर पडतो.

खरी अद्दल मात्र भरताने घडवली. जानेवारीत पाहुणे आले होते. अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, मिरची-लसूण ठेचला, कांद्याची पात भरपूर घातली. पातेल्यावर ताट झाकून आम्ही गच्चीवर गप्पा मारत बसलो. खाली आलो तर ताट बाजूला आणि पातेलं निम्मं. नाकानेच ढकललं असणार. "घ्या, खानदेशी झाला हा!" म्हणून सगळे हसलो.

तिसऱ्या दिवशी बंड्या भाकरीसाठी उठला नाही. भाकरीसाठी! हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या, लघवी कोऱ्या चहासारखी. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "कांदा खाल्ला का?" कांदा-लसूण, कच्चा असो की शिजलेला, पातीसकट, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. आणि ते लगेच दिसत नाही, काही दिवस जातात. आमचं हसणं त्याच दिवसांत उरकलं होतं. चार दिवस सलाईन चाललं. द्राक्षं, मनुका, चॉकलेट हेही विषच, ते तेव्हाच कळलं.

बाकीची उस्तवार हळूहळू अंगवळणी पडली. मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर जातो, तेव्हा फिरणं पहाटे साडेपाचला. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, म्हणून दर रविवारी आतून पुसायचे आणि घडीत गोचीड नाही ना, हे बोटाने चाचपायचं. वजन दहा-अकरा किलो हवं, लाडाने ते पंधरावर गेलं होतं. आता वाटीने मोजून देतो आणि तो डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे बघतो. त्या डोळ्यांना फसू नये. आरतीची घंटा वाजली की मान वर करून लांब सूर लावतो, तेवढं मात्र शेजाऱ्यांनी पदरात घेतलंय.

तुमच्याही मुलाने अशी एखादी टोपली आणून ठेवली असेल, तर एवढं करा: भरीत वरच्या फळीवर ठेवा. झाकण पुरत नाही.