मांडवामागचे काम

‘इव्हेंट मॅनेजमेंट’ हा शब्द आता आमच्या वस्तीतही येऊन पोहोचला आहे. शेजारच्या चाळीतील एक मुलगी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील सफाई कामगार, आई चार घरची धुणीभांडी करते. एका खासगी संस्थेचे गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन ती आमच्याकडे आली. अकरा महिन्यांची पदविका, फी एक लाख ऐंशी हजार! “काका, बाबा पतपेढीतून कर्ज काढायला तयार आहेत. भरू का?” असे तिने विचारले. आम्ही पडलो कारकून, त्यात वीस वर्षे जयंती मंडळाचा जमाखर्च सांभाळतो. म्हणून कागद घेऊन लोक आमच्याकडे येतात.

कर्ज तूर्त काढू नये, आधी बी. कॉम. पुरे करावे आणि कॉलेजातच हे काम शिकून घ्यावे, असे आम्ही तिला सांगितले. तिच्या वडिलांनाही ते पटले. इतर घरांतही हा प्रश्न येणार, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

माहितीपत्रकात फुले, रंगीत दिवे आणि कानाला यंत्र लावून फिरणारी मुलेमुली दिसतात. प्रत्यक्षात हे काम कागदाचे आणि पायांचे आहे. जागेचे भाडे व अनामत, पोलिसांची आणि अग्निशमन दलाची परवानगी, मांडववाला, लाईटवाला, जेवणवाला यांची कोटेशने, जनरेटरचे डिझेल, पाहुण्यांची ने-आण, आणि सर्व आटोपल्यावर बिलांचा ढीग. उघड्या मैदानावर रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. शासनाने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले, तर कार्यक्रम कितीही रंगात आला तरी दहाला बटण बंद करायला लावणारा माणूस लागतो. तो कोणालाच आवडत नाही!

आमची पोरे १४ एप्रिलला हे सारे करतातच. वर्गणीच्या पावत्या फाडतात, परवानगीचा अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात दोन-दोन तास बसतात, मिरवणुकीत बायकामुलांना मध्ये घेऊन दोर धरतात. कोणी त्याला करिअर म्हणत नाही, एवढेच. नोकरीच्या अर्जात ही पोरे ‘अनुभव नाही’ असे लिहितात, याचे आम्हाला वाईट वाटते. किती माणसे, किती खर्च, कोणती जबाबदारी, हे तारखेसह लिहून ठेवले तर तोही अनुभवच आहे.

कॉलेजात याहून शिस्तीने शिकता येते. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर असते. शिबिरात मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय अंगावर घ्यावी. तांदूळ, तेल, अंथरुणे मोजताना जे डोक्यात बसते ते वर्गात बसत नाही. मुंबईत झेवियर्सचा ‘मल्हार’ किंवा आयआयटीचा ‘मूड इंडिगो’ हे मोठे महोत्सव विद्यार्थीच चालवितात. आपल्या कॉलेजचा महोत्सव लहान असला तरी चालेल. मात्र आमची मुले तेथे बहुधा खुर्च्या उचलण्यापुरती राहतात. त्यांनी हिशेबाचा किंवा व्यवस्थेचा विभाग मागून घ्यावा. कॉमर्सच्या मुलाने तर पक्के बिल, टीडीएस, १८ टक्के जीएसटी हे तोंडपाठ करावे. मंचावरचा सूत्रसंचालक बदलता येतो, हिशेब जाणणारा सहसा कोणी बदलत नाही.

यादीत पहिली ओळ पाण्याची असावी, हे आमचे ठाम मत आहे. मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली तेव्हा स्वागत मंडळाला ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. त्या काळी ती रक्कम लहान नव्हती. तळे समोर असून पाणी विकत! पण आलेल्या माणसाला पाणी मिळालेच पाहिजे, हे त्या कार्यकर्त्यांनी जाणले होते. याउलट १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला शासनाचा पुरस्कार सोहळा उघड्या मैदानावर भर उन्हात झाला, आणि उष्माघाताने १४ माणसे गेली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला कोचीच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या महोत्सवात अचानक पाऊस आला, बाहेर थांबलेली गर्दी एका दाराने आत रेटली गेली आणि चार जीव गेले. सावली, पाणी आणि बाहेर पडायचे दुसरे दार यांचा विचार आधी, फुलांचा नंतर.

आता पैशाचे. मोठ्या कार्यक्रमांत कॉलेजची मुले ‘स्वयंसेवक’ म्हणून बोलावतात. बारा-चौदा तास उभे राहायचे आणि हाती काय, तर एक टी-शर्ट आणि प्रमाणपत्र! ज्याच्या घरी गाडी आहे त्याला ते परवडते. आमच्या मुलांनी एक-दोनदा शिकण्यासाठी जरूर जावे. तिसऱ्या वेळी मात्र मजुरी किती, कोणत्या तारखेला आणि कोण देणार, हे आधी विचारावे. मुलींनी रात्री घरी सोडण्याची सोय कोणाची, तेही विचारावे. आयांनो, मुलीला घरी बसवू नका. तिच्याबरोबर तुम्हीही हा प्रश्न विचारा.

शिवाय ज्या मुलांच्या हाती उद्या पैसे वाटण्याचे काम येईल त्यांना एक सांगणे आहे. मांडव बांधणारे आणि मोठाली पातेली घासणाऱ्या बाया कार्यक्रम संपल्यावर रात्री एक वाजता कोपऱ्यात बसून असतात. “उद्या या” म्हटले की त्यांची उद्याची मजुरी बुडते, वर गाडीभाडे जाते. म्हणून त्यांची पाकिटे आदल्या दिवशीच भरून, नावे घालून ठेवावीत. फूलवाल्याचे बिल आठ दिवस थांबू शकते.