मही भाकर कुठंय?

टेंभुर्णीत आमचे घर म्हणजे दोन खोल्या आणि एक चूल. त्या चुलीवर माझी माय ज्वारीच्या भाकरी थापते आणि लोकांचे डबे भरते. माझी फी त्या डब्यांतूनच निघते. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे फेसबुकवर मायच्या डब्यांचे पान काढून त्याच्या माथ्यावरचा फलक सजवण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

मोबाईलमध्ये तयार चित्रे काय थोडी होती! हसऱ्या डोळ्यांचा पिझ्झा, लाजून लाल झालेला बर्गर, टोपी घातलेला केक! त्यांची रांग लावली, वर ठळक अक्षरांत 'घरगुती डबे' असे लिहिले आणि मोठ्या ऐटीने मायपुढे धरले.

मायला वाचता येत नाही. पिठाचे हात दूर धरून तिने एकेक चित्र न्याहाळले आणि म्हणाली, "समदं गोड हाय रे. पण ह्यात मही भाकर कुठंय?"

मी वरमलो. मग भाकर शोधू लागलो. १९९९ साली शिगेताका कुरिता या जपानी माणसाने मोबाईलसाठी १७६ चिमुकली चित्रे केली होती. एकेक चित्र अवघ्या १२ बाय १२ ठिपक्यांचे. पुढे जपानी लोकांचा भाताचा गोळाही जगभरच्या मोबाईलमध्ये जाऊन बसला. चपट्या पोळीला मात्र २०२० साल उजाडावे लागले, आणि तीही भाकर नव्हेच! २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले. ज्वारीचे तेवढे कौतुक झाले, पण भाकरीचे चित्र काही सापडेना.

शेवटी वहीच्या पानावर मीच भाकर काढली. तीन वेळा खोडली. माय तव्यापाशी बसून सांगत होती, "इतकी गोल नको. बोटं उमटलेली दाव. पापुद्रा फुगू दे." मी हौसेने दोन डोळे काढले, तर म्हणाली, "डोळे पूस बाबा. खायची हाय ती!"

आता आमच्या फलकावर पिठलं, ठेचा, फोडलेला कांदा आणि मधोमध भाकर आहे. रेघा थोड्या वाकड्या आहेत. दोन वर्षे मी कॉलेजात शिकतो आहे, पण मायला वाचता येईल असे काही मी आजवर लिहिले नव्हते. परवा शेजारीण आली, तेव्हा मायने मोबाईल पुढे केला आणि डावीकडून उजवीकडे बोट नेत सगळा फलक तिला वाचून दाखवला.